ताईने पाडलेले आटे

काकांचा पाय माझ्या चुकीने मोडला आणि दोष ताईच्या हातावर गेला. हे मला त्याच दुपारी माहीत होतं, तरी मी बोललो नाही. पहिल्या दिवशी भीतीने बोललो नाही, मग लाजेने, आणि पुढे इतकी वर्षं गेली की न बोलणंच घराची रीत असल्यासारखं झालं. आज नंदुरबारमध्ये माझं टर्निंगचं वर्कशॉप आहे. लोक लांबून काम घेऊन येतात आणि माझ्या हाताचं कौतुक करतात. ज्या जागी मी उभा आहे ती जागा ताईची होती, एवढं एकदा सरळ लिहून टाकतो. मात्र ते दिवस आठवायला बसलो की अपराध नंतर आठवतो, आधी छाती फुगते. आमच्या विहिरीवरच्या खोलीत माझ्या बहिणीने जे केलं ते मी पुढे मोठमोठ्या वर्कशॉपांतही कुणाला करताना पाहिलं नाही.

आमचं गाव शहाद्याहून म्हसावदला जाणाऱ्या रस्त्याच्या आत. घरी कापूस, थोडी केळी, बांधावर तुरी. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते एकदा बैल घ्यायला अक्कलकुव्याच्या बाजारात गेले आणि संध्याकाळी भाड्याच्या टेम्पोतून लेथ घेऊन आले. लोखंड फिरवून कापायचं यंत्र, टेबलावर मावेल एवढं लहानसं, कुणा हौशी माणसाच्या घरातलं. तो माणूस वारला होता आणि त्याच्या मुलांना पडवी मोकळी करायची होती. आबांना लहानपणापासून यंत्रांचं वेड. कुणाचं ऑइल इंजिन उघडलं की हे न बोलावता हजर. टेम्पो दारात थांबला तशी गल्ली गोळा झाली. शेजारचे भिका अण्णा म्हणाले, "आबा, हाऊ उसना रसना चरखा शे का? मंग गिलास लई येस मी." मग माय बाहेर आली. तिने टेम्पोभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "याले शिंगं कठे शेतस?" ते वाक्य गावात कितीतरी दिवस फिरत होतं.

लेथ शेतातल्या मोटारीच्या खोलीत बसवला, कारण थ्री-फेजची लाइन तिथेच होती. विहिरीवरचा पंप एका कोपऱ्यात, लेथ दुसऱ्या कोपऱ्यात, मध्ये खताच्या गोण्या. दाराबाहेर हौद आणि त्यात पडणाऱ्या पाण्याचा दिवसभर आवाज. उत्तरेला सातपुडा, पाऊस उघडला की तोरणमाळच्या बाजूचे डोंगर हात लावावा इतके जवळ वाटायचे. लेथ चालू असला की पट्ट्याचा जोड दर फेरीला टक्क करायचा, आणि त्या ठेक्यावर ताई काहीतरी गुणगुणत असायची. दुपारी माय टोपल्यात कळण्याच्या भाकरी, उडदाची डाळ आणि मिरचीचा खुडा घेऊन यायची. दारात उभी राहून म्हणायची, "बाप-आंडेर लोखंड घासत बठतस. आनि भाकर? ती काय लोखंडनी खातस का?" आंडेर म्हणजे मुलगी. त्यात तिने मला कधी धरलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मी बहुतेक वेळ गोण्यांवर लोळत पडलेला असायचो.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. नाव सुमन. दहावी झाली होती, पुढे काय यावर घरात कुणी बोलत नव्हतं. आबांना लेथची हौस होती पण धीर नव्हता. कानशीने चार हात मारले की ते विडी ओढायला बाहेर जायचे. धीर सगळा ताईकडे. लेथ आला तेव्हा त्याच्यासोबत दोन अणकुचीदार सेंटर होते आणि कापायचं हत्यार धरायची बैठक होती, बाकी काही नव्हतं. काम धरणारा चक नाही, फेसप्लेटही नाही. फेसप्लेट म्हणजे लेथच्या फिरणाऱ्या दांड्याच्या, स्पिंडलच्या, पुढे आलेल्या टोकावर आट्यांनी घट्ट बसणारी लोखंडी चकती. तिला खाचा असतात, त्यांतून बोल्ट घालून वेडंवाकडं कामही आवळून धरता येतं. ती नसेल तर लेथवर नुसत्या सळया फिरवत बसायचं. आबांनी शहाद्याच्या वर्कशॉपमध्ये विचारलं. तिथला मिस्त्री म्हणाला, या टोकाचे आटे जुन्या मापाचे आहेत, अशी प्लेट बाजारात मिळणार नाही, करून घ्यायची तर लेथ इथे आणा. आबा लेथ परत टेम्पोत चढवायला तयार नव्हते. गल्लीत पुन्हा शिंगांची चौकशी झाली असती.

अडचण अशी होती की चकतीला आटे पाडायचे तर चकती लेथवर फिरायला हवी, आणि ती फिरवायला जी वस्तू लागते तीच आम्ही करायला निघालो होतो. आबा दोन दिवस त्याच्याभोवती फिरत राहिले. तिसऱ्या दिवशी जेवताना ताई म्हणाली, "आबा, चकती नही फिरत ना? तर नको फिरू दे. हत्यार फिरू दे." आबांचा घास हातातच राहिला.

तिने काय केलं ते सांगतो, कारण मला ते सांगायला फार आवडतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ते सांगितलं आहे, फक्त कुणी केलं ते सांगताना आजवर 'आमच्या घरी' एवढंच म्हणत आलो. बंद पडलेल्या ऑइल इंजिनाची बिडाची एक जाड चकती घरात होती. ताईने ती लेथच्या सरकणाऱ्या भागावर उभी करून पट्ट्यांनी आवळली. दोन सेंटरच्या मध्ये एक जाड सळई धरली आणि सळईला आडवं भोक पाडून त्यात हत्याराचा छोटा तुकडा खोचला. सळई फिरवायला बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव तापवून, वाकवून तिचा चाप केला आणि तो स्पिंडलच्या गळ्यात घट्ट बसवून सळईला अडकवला. आता हत्यार जागेवर फिरत होतं आणि चकती त्याच्याकडे सरकत येत होती. आधी भोक सरळ झालं. मग गिअर बदलून आटे. आट्यांसाठी तिने मोटर लावलीच नाही. मी पट्टा हाताने ओढायचा आणि ती वाकून आत पाहत राहायची. प्रत्येक खेपेला हत्यार केसभर पुढे ठोकायचं. मी घाईने ओढलं की ती न बघता म्हणायची, "इलास, म्हैस नही शे ती. हळू." चकती काढून स्पिंडलवर लावून बघता येत नव्हती, कारण एकदा काढली की पुन्हा त्याच जागी बसली नसती. म्हणून तिने आधीच स्पिंडलच्या टोकासारखा हुबेहूब एक नमुना करून ठेवला होता. दर थोड्या वेळाने सळई बाजूला घ्यायची, नमुना भोकात फिरवून बघायचा, मान हलवायची, परत सळई लावायची. चार-पाच दिवस आमचं हेच चाललं होतं. शेवटी नमुना आत शिरला आणि तळाशी जाऊन अलगद टेकला. ताईने तो बाहेर काढला, परत घातला, परत काढला. मग आबांना हाक मारली. तिचा आवाज वेगळा होता, म्हणून आबा विडी टाकून पळत आले.

फेसप्लेट पहिल्यांदा स्पिंडलवर चढली तेव्हा माय भाकरी घेऊन दारात आली होती. ताईने मोटर चालू केली आणि प्लेटचा चेहरा लेथवरच सपाट केला. बिडाची काळी भुकटी उडत होती, तिच्या कपाळावर आणि मायच्या भाकरीवरही. प्लेट थांबल्यावर आबांनी तिच्यावर तळहात फिरवला, मग गाल लावला. "काच शे काच," एवढंच म्हणाले. मायनेही पदराने हात पुसून बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "तवा करस का मले असा एक?" त्या दिवशी माय खळखळून हसत होती. पुढच्या दिवसांत ताईने खाचा कानशीने घासून पूर्ण केल्या, काम आवळायच्या पट्ट्या केल्या, आणि लोखंडी कोनाची एक अँगल प्लेट केली. एका बाजूला जड काम आलं की समोरच्या बाजूला तोल साधायला लावायचं वजनही केलं. कोपऱ्यातल्या फळीवर ती सगळी अवजारं तेल लावून ओळीने ठेवलेली असायची. गावातले लोक मुद्दाम बघायला यायचे. भिका अण्णाही आले, पण गिलास आणला नाही.

तेव्हाच आबांच्या मनात आलं की ताईला आयटीआयला टर्नरच्या कोर्सला घालावं. आयटीआय नंदुरबारला. राहायची सोय एकच, आबांचे धाकटे भाऊ, आमचे तात्याकाका. ते सरकारी कचेरीत होते, गावी आले की पुस्तकी मराठी बोलायचे. मुलगी आपल्या घरी ठेवून लेथ शिकायला पाठवायची तर त्यांना पटायला हवं होतं. आबांनी त्यांना निरोप धाडला, एकदा येऊन पोरीचं काम बघून जा. ताईने आदल्या दिवशी फळीवरची प्रत्येक वस्तू उतरवून पुसली. तिला दुसरं काही नको होतं. तिने मला गोण्यांवरून उठवून विचारलं, "काका हा म्हनतीन ना रे?" मी म्हणालो, "नाही कशाला म्हणतील?"

त्या सकाळी एक गोष्ट घडली होती. उंदरांनी लेथच्या मोटारीच्या वायरी कुरतडल्या होत्या. आबांनी मला नव्या वायरी जोडायला सांगितलं, कारण हे काम मला येतं असं मीच गावभर सांगत होतो. आमच्याकडे शेतातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की थ्री-फेजची वायर एकदा सोडून परत जोडली की आधी मोटर कोणत्या बाजूला फिरते ते बघायचं. दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. पंपाचं एवढंच होतं की पाणी चढत नाही. लेथचं वेगळं असतं. नेहमीच्या दिशेने फिरताना प्लेट आट्यांवर आणखी आवळत जाते. उलट दिशेने झटका बसला की बरणीचं झाकण सुटावं तशी सुटते. हे ताईने मला दोनदा समजावलं होतं. मी वायरी जोडल्या, टेप गुंडाळला, आणि वीज नव्हती म्हणून दिशा नंतर बघू म्हणून घरी आलो. मग काका आले, आणि मी ते साफ विसरलो.

ताई घरी स्वयंपाकात अडकली होती, कारण काकांसाठी मायने खापरावरचे मांडे करायला घेतले होते. आबा, काका आणि मी शेतात पुढे गेलो. काका खोलीत गोणीवर रुमाल पसरून बसले, पाय लांब केले आणि फळीकडे बघत म्हणाले, "हे सगळं सुमनने केलं? खरं सांगा आबा, शहाद्याहून आणलं ना?" आबा म्हणाले, "ती येवू दे. तिन्हं काम शे, तीच दाखाडी." काकांनी घड्याळ पाहिलं. "माझी गाडी चुकेल. विलास, तुला येतं ना चालवता? की तू नुसता पट्टा ओढणारा?" ते हसले. मला ते लागलं. मी म्हणालो, "येतं की काका," आणि आबा नको नको म्हणत असताना फेसप्लेटवर अँगल प्लेट आवळली, तोलाचं वजन लावलं आणि हिरवं बटण दाबलं.

एक झटका बसला. प्लेट फिरत फिरत पुढे आली, स्पिंडलवरून सुटली, लेथच्या पाटावर आदळली आणि उडून काकांच्या पायावर पडली. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. काकांचा आवाज, आबांनी उपरण्याने बांधलेला पाय, सालदार गड्याने जुंपलेली गाडी. ते दोघे काकांना घेऊन रस्त्याकडे गेले आणि खोलीत मी एकटा उरलो.

मी प्लेट उचलली. आटे तसेच होते, एकही पापुद्रा उडालेला नव्हता. मग मी मोटारीकडे पाहिलं. बटण पुन्हा दाबायच्या आधीच मला कळलं होतं, तरी दाबलं. मोटर उलटी फिरत होती. मी मेन स्विच पाडला, टेप सोडला, दोन वायरी बदलल्या आणि पुन्हा टेप गुंडाळला. ते काम मी फार नीट केलं.

ताई धावत आली तेव्हा तिच्या हातांना पीठ होतं. तिने आधी विचारलं, काका कसे आहेत. मग विचारलं, "काय व्हयनं?" मी म्हणालो, "सुटली. आपोआप सुटली." संध्याकाळी आबा आले. पाय मोडला होता, प्लास्टर झालं होतं, जिवाला धोका नव्हता. त्यांनी मोटर लावून पाहिली. ती सरळ फिरत होती. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "वायरी जोड्यात तव्हय देखं व्हतं ना?" मी हो म्हणालो. मग ताईने प्लेट स्पिंडलवर चढवली आणि बोटांनी हलवून पाहिली. घट्ट न आवळलेली कुठलीही प्लेट जितकी हलते तितकीच ती हलली. ताई म्हणाली, "ढिला शे. मन्हा आटा ढिला पडना." आबा म्हणाले, तसं काही नाही पोरी. ती म्हणाली, "शे, आबा." तेव्हा मी एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं.

काका हो म्हणाले नाहीत, आणि त्यांना विचारायचं धाडसही आबांना झालं नाही. ताईनेच विषय मोडला. पुढे दहावी झाल्यावर आयटीआयला मी गेलो, काकांच्याच घरी राहून. काका लंगडत मला स्टँडवर घ्यायला आले होते. ताईचं लग्न म्हसावदला झालं. मेहुणे भला माणूस. ताईने त्या घरी पपईची बाग उभी केली, ठिबकच्या नळ्या स्वतः टाकल्या. आज शहाद्याचे व्यापारी तिला विचारल्याशिवाय तोडीचा दिवस ठरवत नाहीत. मला तिचा अभिमान वाटतो असं मी लिहितो, पण तो मिरवायचा हक्क मला नाही, हेही कळतं. लेथला तिने परत हात लावला नाही. माझ्या वर्कशॉपच्या उद्घाटनाला आली तेव्हा दारापाशीच खुर्ची घेऊन बसली. काकांनी मात्र त्या गोष्टीची गंमत करून टाकली होती. लग्नात, बारशात, जिथे ताई दिसे तिथे ते काठी उचलून म्हणत, "पाय घ्या रे वर, सुमन आली." सगळे हसत. ताईही हसे. मीही हसलो आहे.

गेल्या हिवाळ्यात काकांच्या नातवाचा साखरपुडा झाला. काका आता फार थकले आहेत, पण काठी आहे आणि गंमतही आहे. ताईचा नवा जावई पहिल्यांदाच आमच्या नात्यात आला होता. काकांनी त्याला जवळ बोलावून सांगितलं, "जावईबापू, सासूबाईंनी बाटलीचं झाकण लावलं तरी आधी तपासून घ्या हो." मांडव हसला. जावई गोंधळून ताईकडे बघत राहिला. ताई हसली, उठली आणि मागच्या अंगणात हात धुवायला गेली. मी तिच्यामागे गेलो आणि नळापाशी उभा राहून सगळं सांगितलं. उंदीर, वायरी, टेप, सगळं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा जाऊ दे म्हणेल. ती नळ चालूच ठेवून माझ्याकडे वळली.

"मोटर उलटी व्हती?" तिने विचारलं.

"हो."

"आटा बरोबर व्हता?"

"एकदम बरोबर होता, ताई."

"इतला वरीस," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, "भाकर थापतांना, पपई तोडतांना, मी तो आटा परत परत पाडत ऱ्हायनी रे. कोनता खेपले हत्यार जास्ती ठोकं, कठे चुकनी, हाईच इचार करू. आनि तू तठे दुकान टाकीसन बठना?" मी मान खाली घातली. म्हणालो, "मला माफ कर." तिने पाणी बंद केलं. "माले नळपाशी काय सांगस? तू मालेच सांगशी आनि त्या लोके तठे हसत ऱ्हातीन. चल, समोर सांग."

ती पुढे, मी मागे. मांडवात जेवणं चालली होती. ती काकांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून माझी वाट बघू लागली. काकांनी सवयीने काठी उचलली. मी त्यांच्या पायांशी खाली बसलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो. "काका, ताईना आटा ढिला नव्हता. वायरी मी उलट्या जोड्यात, मोटर उलटी फिरनी, म्हनीसन प्लेट सुटनी. मंग मी गुपचूप वायरी बदल्यात. तुमना पाय मी मोडा, आनि ताईनी जागा बी मीच लिन्ही." काकांची काठी हळूहळू खाली आली. मी ताईकडे वळलो आणि त्या सगळ्यांच्या देखत हात जोडले. "ताई, चूक मन्ही व्हती. माले माफ कर."